फॉर्मवर 'व्यवसाय : लेखक' लिहिलं आणि खोडलं. तुम्ही स्वतःला लेखक कधीपासून म्हणायला लागलात?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, विषय फालतू वाटेल पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय. मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होतो, त्यात पालकाचा व्यवसाय असा रकाना. दरवर्षी डोळे मिटून 'नोकरी' लिहितो. यावेळी काय झालं कुणास ठाऊक, हातात पेन्सिल होती (बायको म्हणते आधी पेन्सिलीने भर, तुझी खाडाखोड फार), तर 'लेखक' लिहून टाकलं. आणि मग त्या शब्दाकडे बघतच बसलो, आणि कोणी बघायच्या आत खोडून टाकलं. खोडलं तरी कागदावर वळ राहिलाय, तिरका धरला की अजून दिसतो.

हिशोब देतो म्हणजे अंदाज येईल. नऊ वर्षं लिहितोय. छापून आलेल्या कथा तीन. साभार परत आलेल्या किती ते मोजणं सोडून दिलंय. एक कादंबरी आहे, ती गेली चार वर्षं 'होतच आलीये', फाईलचं नाव 'शेवटचा खर्डा ७'. लिखाणाचे आजवर मिळालेले पैसे सांगण्यासारखे नाहीत, म्हणजे लाज वाटते म्हणून नाही, खरंच सांगण्याएवढे नाहीत. ऑफिसात फक्त दोघांना माहितीये, त्यातला एकजण 'काय लेखकराव' म्हणतो आणि तो असं म्हणाला की मी पाणी प्यायला उठतो.

तर प्रश्न असा की डॉक्टरला पदवी मिळते, ड्रायव्हरला लायसन्स मिळतं, आपल्याला काय मिळतं? पहिली कथा छापून आली तेव्हा वाटलं होतं उद्यापासून काहीतरी वेगळं वाटेल, दुसऱ्या दिवशी उठलो तर नेहमीचाच मी आणि नवीन कथेचं पहिलं वाक्य जमेना. तुम्ही कधी म्हणायला लागलात? पुस्तक आल्यावर, पैसे मिळाल्यावर, की कोणीतरी तुम्हाला तसं म्हणाल्यावर? आणि ज्यांनी अजून म्हटलेलं नाही त्यांनी का नाही तेही सांगा.

ता.क. ते 'दिसामाजी'वालं वचन कृपया टाकू नका, ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं आहे आणि काही उपयोग झालेला नाही.

---

सरळसोट

जो लिहितो तो लेखक. विषय संपला. उगाच डोक्याला ताप कशाला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

वाळवी

@सरळसोट, एवढं सरळ नाही हो ते. मी रोज ऑफिसात चाळीस मेल लिहिते, कुणी लेखिका म्हटलेलं नाही. आणि उलट बाजूने बघा, बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. घरातलं शेतातलं काम करता करता ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ते टिपून ठेवायचे. त्या गेल्यावर ती वही अत्र्यांसमोर गेली आणि १९५२ साली पुस्तक आलं. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही तिला आपण सगळे बिनतक्रार कवयित्री म्हणतो, तुमच्या व्याख्येत त्या कुठे बसवणार?

@अर्धविराम, तुमचा रकाना वाचून मला अगाथा ख्रिस्तीच आठवली. आत्मचरित्रात ती सांगते की फॉर्मवर व्यवसाय विचारला की आपण 'विवाहित स्त्री' लिहायचो, दुसरं काही लिहावं हे मनातसुद्धा आलं नाही. अगाथा ख्रिस्ती! आणि त्याच आत्मचरित्रात पुढे ती अगदी नेमकं सांगते की आपण हौशी लेखकाचे धंदेवाईक लेखक कधी झालो. मला वाटलं होतं पहिलं पुस्तक आलं तेव्हा (१९२०) किंवा १९२६ ला जिच्यावर वाचक तुटून पडले ती कादंबरी आली तेव्हा. तर नाही. १९२६ मध्येच तिची आई गेली, नवऱ्याने दुसरीवर प्रेम बसलंय म्हणून सांगितलं, संसार मोडला, पैशाची गरज होती आणि एक रहस्यकथा अर्धी पडली होती, ती तिने ओढूनताणून पूर्ण केली. मन नाही, सुचत नाही, जे लिहितेय ते आवडतही नाही, तरी लिहायचं. ती कादंबरी १९२८ ला आली, तिला स्वतःला ती कधीच आवडली नाही, पण धंदेवाईक झालो ते तेव्हा असं ती म्हणते. त्याआधी सात कादंबऱ्या छापून झाल्या होत्या बरं का!

मला ही गोष्ट आवडते आणि थोडी भीतीही वाटते. कारण मी स्वतः आवडतं तेव्हाच लिहिते, आणि म्हणून वाळवीच राहिले, नुसती पुस्तकं खाणारी.

---

कंत्राटी_लेखणी

मी व्यवसायाच्या रकान्यात गेली सोळा वर्षं 'लेखक' लिहितो, पेनाने, आणि हात अजिबात थरथरत नाही कारण घर त्यावरच चालतं. दुसऱ्यांची आत्मचरित्रं, भाषणं, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका, एकदा तर मशीन कसं पुसावं याची बत्तीस पानी पुस्तिका लिहिलीये. अकरा पुस्तकं माझ्या हातची आहेत आणि एकावरही माझं नाव नाही, करारातच तसं असतं, तक्रार नाही. त्यामुळे पैसे मिळाले की लेखक, छापून आलं की लेखक, हे दोन्ही माझ्याकडे आहे आणि तरी अर्धविराम, तुमचा प्रश्न मलाही पडतो, फक्त तो रकान्यापाशी पडत नाही.

एक प्रसंग सांगतो. अशाच एका पुस्तकाचं प्रकाशन होतं, मी शेवटच्या रांगेत. ज्यांच्या नावावर पुस्तक होतं ते गृहस्थ माईकवर म्हणाले की हे मी रात्र रात्र जागून लिहिलंय, टाळ्या वगैरे झाल्या, मग त्यांनी त्यातलं एक पान वाचून दाखवलं, वडिलांच्या दुकानाला कुलूप लागलं तो प्रसंग. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं होतं आपल्याला राग येईल, निदान वाईट तरी वाटेल. पण मी काय करत होतो माहितीये? त्या पानावर एक लांबलचक वाक्य होतं, ते वाचताना गृहस्थांना मध्येच दम लागला आणि श्वास नको तिथे घेतला गेला, आणि मी मनात म्हणत होतो की च्यायला, इथे पूर्णविराम हवा होता, हे वाक्य दोनात तोडायला हवं होतं. घरी जाईपर्यंत तेच. दुसऱ्या आवृत्तीत तोडून दिलं, कोणी सांगितलं नव्हतं, पैसेही नव्हते त्याचे.

लोकांना वाटतं माझं काम म्हणजे समोरचा बोलतो ते टाईप करणं. माणूस सहा तास बोलतो, त्यातून धड पाच पानं निघतात, बाकी सगळं त्याने आधी दहा लोकांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. कामाचं ते रेकॉर्डिंग बंद केल्यावर सांगतात, दारात चपला घालता घालता, 'तसं काही विशेष नाही पण' असं म्हणून. मी आता मुद्दाम रेकॉर्डर लवकर बंद करतो आणि दारात रेंगाळतो. ही विद्या मला कोणी शिकवली नाही, चौथ्या की पाचव्या पुस्तकाला लक्षात आलं.

वाळवींनी ख्रिस्ती सांगितली, मला चेखव जवळचा वाटतो. डॉक्टरकी शिकता शिकता घर चालवायला विनोदी साप्ताहिकांत टोपणनावाने धडाधड लिहायचा. १८८६ साली, तोपर्यंत शेकड्यांनी छापून झालेलं, ग्रिगोरोविच नावाच्या बुजुर्ग लेखकाचं त्याला पत्र आलं की बाबा रे, तुझ्याकडे खरी ताकद आहे, ती अशी घाईत उधळू नकोस. चेखवने उलट कबुली दिली की एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिलेली माझी एकही कथा मला आठवत नाही. नंतर तो सावकाश लिहायला लागला. ते पत्र नसतं आलं तर काय झालं असतं हा विचार मी फार करत नाही, कारण मला असं पत्र आलेलं नाही आणि या वयात येईल असं दिसत नाही.

---

रात्रपाळी

सगळे भारी लिहिताय, मी थोडं विस्कटतो. मी रात्री सर्व्हर सांभाळतो, दोन ते चार कोणी काही विचारत नाही तेव्हा लिहितो. 'मन नसताना लिहिलं तोच खरा' हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय. ट्रॉलप बघा, इंग्लंडच्या पोस्टखात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, ऑफिसच्या आधी. सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. आणि हे सगळं त्याने आत्मचरित्रात सांगून टाकलं, ते तो गेल्यावर १८८३ ला आलं तर लोकांनी नाकं मुरडली, म्हणे हा काय लेखक, हा तर कारकून.

दुसरीकडे काफ्का, तोही दिवसा विमा कचेरीत. सप्टेंबर १९१२ च्या एका रात्री दहाला बसला आणि सकाळी सहाला एक कथा पूर्ण करून उठला, पाय आखडून गेले होते, आणि डायरीत लिहिलं की लिहायचं तर असंच. त्याच्या तीन कादंबऱ्या आणि तिन्ही अपूर्ण.

आता कोणाला लेखक म्हणायचं नाही सांगा. मला दोघांचंही जमत नाही, घड्याळ लावलं की घड्याळाकडेच बघतो आणि तशी रात्र कधी आली नाही, बहुतेक रात्री एक परिच्छेद होतो आणि तेवढ्यात अलार्म वाजतो (सर्व्हरचा).

@अर्धविराम चार वर्षांत अपूर्ण एकच आहे ना, मग काफ्काच्या मानाने बरंय तुमचं :)

---

सरळसोट

बहिणाबाईंचा मुद्दा मान्य. वाक्य दुरुस्त करतो: जो रचतो तो लेखक. आता संपला का विषय?

---

वाळवी

नाही :)

---

एकपुस्तकी

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहितेय. माझी अडचण धागाकर्त्याच्या अगदी उलटी आहे. माझं एक पुस्तक आहे, एकच, कथासंग्रह, बारा वर्षांपूर्वीचा. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, त्यातल्या शे-सव्वाशे अजून माझ्या पलंगाखाली आहेत. त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही, एक ओळ नाही, आणि तरी कुठे गेलं की ओळख करून देताना 'या लेखिका आहेत' म्हणतात. 'होत्या' कोणी म्हणत नाही. शिक्षक निवृत्त होतो तसं यातून निवृत्त होता येत नाही बहुतेक. मी हसून मान हलवते, समोरचा विचारतो सध्या काय चाललंय लिखाण, मी म्हणते वेळच मिळत नाही. वेळ आहे, भरपूर आहे.

कंत्राटी_लेखणी यांचं ते पूर्णविरामाचं वाचून मला माझं सांगावंसं वाटलं. त्या संग्रहात एक कथा आमच्या आईच्या आजारपणावर होती. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांना तीच आवडली, पत्रं आली ती तिच्यावरच. माझ्या बहिणीने पुस्तक वाचलं आणि फोन करून एवढंच म्हणाली की पान सत्तेचाळीसवरचं वाक्य माझं आहे.

तिचंच होतं. हॉस्पिटलच्या जिन्यात आम्ही दोघी बसलो होतो, रात्रीचे अडीच तीन वाजले असतील, आणि ती म्हणाली होती की आता आई सुटली तर बरं असं मला वाटतं आणि मग मला माझ्याच हातांची किळस येते. हातांची म्हणाली. मनाची नाही, स्वतःची नाही, हातांची, कारण तीच आईला पुसायची, कूस बदलायची. मी कथेत नाव बदललं, आजार बदलला, बहिणीचा भाऊ केला, सगळं बदललं पण ते वाक्य नाही बदललं कारण मी बसून पंधरावीस प्रकारे लिहून बघितलं आणि त्याच्या जवळपास जाणारं एकही वाक्य मला सुचलं नाही.

ती म्हणाली मी ते तुला सांगितलं होतं, सगळ्यांना नाही. सात महिने बोलली नाही. आता बोलते, येणंजाणं आहे, पण माझ्यासमोर जपून बोलते. मध्येच थांबते आणि शब्द बदलते. मी बारा वर्षांत काही लिहिलेलं नाही हे तिला माहितीये तरी.

तुम्ही विचारलंत लेखक कधी झालात. प्रकाशनाच्या दिवशी नाही, खरं सांगायचं तर त्या जिन्यात. ती रडत होती, माझा हात तिच्या पाठीवर होता आणि माझ्या डोक्यात 'हातांची' हा शब्द पक्का बसत होता, मला कळत होतं की तो बसतोय. मला ते आवडलेलं नाही. अजून आवडत नाही.

---

कंत्राटी_लेखणी

@एकपुस्तकी, विचारू का नको असं झालंय पण विचारतोच. ते वाक्य काढलं असतं तर कथा राहिली असती का?

---

एकपुस्तकी

नाही.

---

रात्रपाळी

एकपुस्तकीताई, मी तुमच्या प्रतिसादावर तीनदा काहीतरी टाईप करून डिलीट केलं. एक मात्र सांगतो, बहिणीचं वाक्य वापरण्याआधी तिला विचारावं की नाही यावर इथे लगेच कोणीतरी नीतीचं प्रवचन देईल, ते मनावर घेऊ नका. आणि पुस्तकाचं नाव इथे विचारत नाही, ते इथे येऊ नये असंच तुम्हाला वाटत असणार.

---

सरळसोट

प्रवचन मीच देणार होतो, रात्रपाळीने आधीच कान उपटले. पण विचारायला हवं होतं असं माझं मत आहे, एवढं नोंदवून ठेवतो. विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती.

---

एकपुस्तकी

हो म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने मला ते भेट म्हणून दिलं असतं आणि मग मला ते कथेत घालता आलं नसतं, जड झालं असतं. आता तुम्हीच ठरवा हे कारण आहे की सबब. मी बारा वर्षं ठरवतेय.

अवांतर: काल रात्री हा धागा वाचल्यावर पलंगाखालून एक प्रत काढली, पान सत्तेचाळीस उघडलं. त्या वाक्याच्या पुढचं वाक्य वाईट आहे. माझं आहे ते.

---

अर्धविराम

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, एकपुस्तकीताईंचे जास्त वेळा. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, जमणारही नाही.

फॉर्म परवा देऊन आलो. 'नोकरी' लिहिलं, पेनाने, वळ खाली तसाच आहे. देण्याआधी मुलगी कागद तिरका धरून बघत होती, सध्या तिला दिसेल ते वाचायचा नाद लागलाय, म्हणाली बाबा इथे आधी 'लेख' असं काहीतरी होतं, कसला लेख? 'क' नीट खोडला गेला होता वाटतं. मी म्हटलं चुकून लिहिलं गेलं.

ख्रिस्तीची गोष्ट बायकोला सांगितली तर ती म्हणाली त्या बाईने निदान अर्धी राहिलेली पूर्ण केली. घ्या.

तर पूर्ण करायला बसलोय. @कंत्राटी_लेखणी, ते दारात चपला घालताना सांगतात वालं तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून सहावं प्रकरण उघडलं. त्यात बाप आणि मुलगा यांचं मोठं भांडण आहे, मुलगा कायमचा घर सोडून निघालाय, आणि मला ते प्रकरण कधीच आवडलं नव्हतं पण का ते कळत नव्हतं. काल मोठ्याने वाचलं. दोघंही सभेत भाषण केल्यासारखे बोलतात, एकाचं झालं की दुसऱ्याचं, पूर्ण वाक्यांत, कोणी कोणाला मध्ये तोडत नाही. बापाचं सगळं बोलणं काढून टाकलं, जवळजवळ तीन पानं गेली, त्यातले काही परिच्छेद मला पाठ होते इतके लाडके होते. आता बाप काही बोलत नाही, नुसता घराची किल्ली शोधतोय, खिसे चाचपतो, ड्रॉवर उघडतो, परत तेच खिसे. मला वाटतं हे आधीपेक्षा बरं आहे. पण आता मुलाचं काय करू कळत नाहीये. त्याला बोलता ठेवला तर तो एकटाच ओरडणारा वेडा वाटतो आणि गप्प केला तर दोघंही मुके, प्रसंगच राहत नाही. दोन दिवस तिथेच अडकलोय.

---

कंत्राटी_लेखणी

किल्ली मुलाच्या खिशात ठेवा. आणि ती तिथे आहे हे त्याला माहीत असू द्या.